डिजिटल घड्याळ म्हणजे स्मार्टवॉच नव्हे

माझ्या मनगटावरचं कॅसिओ एफ-९१डब्ल्यू पाहून कुणी ना कुणी विचारतंच, "यात पावलं मोजली जातात का?" काटे नाहीत, आकडे आहेत, म्हणजे स्मार्टवॉच, असा समज होऊन बसलाय. आतून मात्र ही दोन अगदी वेगळ्या जातीची यंत्रं आहेत.

डिजिटल घड्याळाच्या पोटात क्वार्ट्झचा इवलासा स्फटिक असतो. विजेवर तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे: तो १५ वेळा निम्मा करत गेलं की बरोबर १ उरतो. तोच एक सेकंद! हा हिशेब मला फार सुंदर वाटतो. पडदा एलसीडीचा. तो स्वतः उजेड पाडत नाही, बाहेरून आलेलाच प्रकाश अडवून आकडे काळे दाखवतो. त्यामुळे रणरणत्या उन्हातही ते ठसठशीत दिसतात, आणि १९८९ सालचं हे मॉडेल एका चपट्या सेलवर साधारण ७ वर्षं चालतं.

स्मार्टवॉच हा मनगटावर बांधलेला छोटा संगणक. स्फटिक त्यातही असतो, पण चुकलेली वेळ ते फोनकडून किंवा नेटवर्कवरून दुरुस्त करून घेतं. पडदा बहुधा स्वतः उजळणारा, त्यामुळे चार्जिंग आलंच. बॅटरी वाचवायला पुष्कळदा तो काळाच ठेवतात; मनगट वळवलं की उजळतो. १९७२ साली आलेल्या हॅमिल्टनच्या पल्सर घड्याळातही हेच होतं. त्याचे लाल एलईडी आकडे इतकी वीज खायचे, की वेळ बघायला दर वेळी बटण दाबावं लागे.

फोन खिशात असताना घड्याळ हवंच कशाला? वेळ बघायला फोन काढला की आधी मेसेज दिसतो, मग दुसरा, आणि फोन परत खिशात जातो तेव्हा किती वाजले ते बघायचं राहूनच गेलेलं असतं. स्मार्टवॉच हे सगळं मनगटावर आणून ठेवतं. सूचना बंद करता येतात, पण त्या आठवणीने बंद कराव्या लागतात. माझ्या घड्याळात बंद करण्यासारखं काही नाही, दर तासाची बीप आणि गजर सोडले तर. ज्यांना हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायचंय, त्यांनी मात्र बेलाशक स्मार्टवॉच घ्यावं. त्याच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेखालच्या रक्तप्रवाहातला बदल टिपतात, ते काम माझ्या घड्याळाला जमणारं नाही.

अचूकपणातही स्मार्टवॉच पुढेच. एफ-९१डब्ल्यू महिन्याला ३० सेकंदांपर्यंत पुढेमागे होऊ शकतं. शिवाय साल कुठलं हे त्याला ठाऊकच नसतं. त्याच्या लेखी फेब्रुवारी कायम २८ दिवसांचा. २९ फेब्रुवारी २०२८ ला ते वार बरोबर दाखवेल, मंगळवार, पण तारीख दाखवेल १. त्या सकाळी ती मी हाताने मागे घेईन.