संत लॉरेन्सच्या हाती जाळी कशी आली?

गोव्यातल्या आगशीचं चर्च ज्याच्या नावाचं आहे, तो संत लॉरेन्स चित्रांमध्ये ओळखायला सोपा. हातात लोखंडी जाळी दिसली की तोच. कथा अशी, की रोमच्या या डीकनला (चर्चमधला, धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा सेवक) जाळीवर भाजलं आणि तो म्हणाला, "ही बाजू झाली, आता उलटा आणि खा." आचाऱ्यांचा तो पालक संत झाला तो त्यावरूनच!

घटना इ.स. 258 ची. सम्राट व्हॅलेरियनचा हुकूम होता, बिशप, धर्मगुरू आणि डीकन सापडताच ठार करा. कार्थेजचा बिशप सिप्रियन याचं त्याच दिवसांतलं पत्र आहे. पोप सिक्स्टस दुसरे यांना 6 ऑगस्टला दफनभूमीत चार डीकनांसह मारल्याचं तो कळवतो. लॉरेन्सचं नाव त्यात नाही. परंपरेनुसार त्याचा मृत्यू 10 ऑगस्टचा. पण 'सापडताच' मारायचं असेल तर निखारे फुलवत कोण बसेल? तलवारीचं काम ते.

354 च्या रोमन पंचांगात त्याच्यासाठी जेमतेम एक ओळ आहे: नाव, तिथी आणि दफनाची जागा, म्हणजे रोमचा तिबुर्तिना रस्ता. पुढे पोप दमासस (366–384) यांनी चार ओळींचा लेख कोरवला. त्यात फटके, जल्लाद, ज्वाळा, छळ, साखळ्या असं सगळं एका दमात येतं. जाळी मात्र नाही. मग मिलानचा बिशप अंब्रोझ लिहितो, आणि 'उलटा' हा टोला तिथे ऐकू येतो. चर्चचा खजिना मागितल्यावर लॉरेन्सने गोरगरिबांना पुढे केलं, हेही तो सांगतो. 400 च्या सुमारास प्रुडेंशियस या कवीने यावर 584 ओळी रचल्या. चार ओळींच्या 584 व्हायला पुरती पन्नास वर्षंही लागली नाहीत.

लॅटिनमध्ये 'पास्सुस एस्त' म्हणजे 'त्याने यातना भोगल्या'. पहिलं अक्षर गळलं की उरतं 'आस्सुस एस्त', 'तो भाजला गेला'. जाळीचा उगम नकलनवीसाच्या या चुकीत असावा, असा एक तर्क आहे. ऐकायला झकास, पण मला तो पटत नाही. दमाससच्या ज्वाळा बघता आग लोकांच्या तोंडी आधीच होती. जाळी बहुधा सांगणाऱ्यांनीच तिच्यावर चढवली.

मध्ययुगीन कथांत तर छळणारा सम्राट डेसियस आहे. तो 251 मध्येच लढाईत पडला होता. तेराव्या शतकात संतकथांचा मोठा संग्रह करणाऱ्या याकोबुस दे वोराजिने याला ही विसंगती दिसली होती. तिची चर्चा त्याने केली आणि कथा तशीच ठेवली.