टोपीवाली कवटी आणि काबुली चणा

मेक्सिकोत किंवा लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्तीत, भिंतीवर मोठ्या टोपीतला सापळा दिसला की कुणीतरी सांगतंच, ही अ‍ॅझ्टेकांची परंपरा. अ‍ॅझ्टेकांच्या देवळांपुढे कवट्यांच्या रांगा होत्या, हे खरं. पण टोपीवाली त्यांची नव्हे. तिने आत्ता कुठे शंभरी ओलांडलीय.

१९१० ते १९१३ च्या दरम्यान मेक्सिको सिटीतल्या एका छापचित्रकाराने ती जस्ताच्या पत्र्यावर उतरवली. दात विचकलेली कवटी, वर पिसं-फुलं खोचलेली युरोपीय टोपी. खाली अंगच नाही. नाव ‘कालावेरा गार्बान्सेरा’. कालावेरा म्हणजे कवटी. घोळ आहे तो दुसऱ्या शब्दाचा. गार्बान्सो म्हणजे काबुली चणा, स्पेनहून आलेला. मक्यावर वाढलेल्या देशात आपलं मूळ लपवून गोऱ्या मडमेचा तोरा मिरवणारी ती गार्बान्सेरा. आपल्याकडे हरभऱ्याच्या झाडावर दुसरं कुणीतरी चढवतं. ही आपली आपणच चढलेली. चित्राखाली छापलेल्या कवितेतले टोमणे तर सरळ मोलकरणींना होते. ‘श्रीमंतांवरचं व्यंग’ हे आज सगळीकडे दिसणारं वर्णन ऐकायला बरं वाटतं, पण ते मागाहून चिकटवलेलं आहे. चित्रकार १९१३ मध्ये गरिबीत वारला. विचारायला कुणी आलं नाही, म्हणून त्याची हाडं पुढे सामायिक खड्ड्यात गेली.

१९१० मध्ये सुरू झालेल्या मेक्सिकन क्रांतीनंतर नव्या सत्तेला ‘अस्सल मेक्सिकन’ असं काहीतरी हवंच होतं. मेक्सिकन माणूस मरणाला हसतो, हे वाक्य त्याच काळात रुजलं.

टोपीवालीला अंग मिळालं १९४७ मध्ये, मेक्सिको सिटीतल्या आलामेदा बागेसमोरच्या हॉटेलात दिएगो रिवेरा या चित्रकाराने काढलेल्या पंधरा मीटरहून लांब भित्तिचित्रात. पांढरा झगा, गळ्यात पिसांचा साप. तिने हात धरलेल्या पोराच्या खिशात बेडूक नि साप. ‘कात्रिना’ हे नावही तेव्हापासूनचं. कात्रीन म्हणजे नटवा छानछोकी माणूस. म्हणजे मोलकरणीची थेट मालकीण झाली! गंमत अशी, की लोक चिडले ते सापळ्यावर नव्हे, चित्रातल्या ‘देव नाही’ या शब्दांवर. चित्र काही वर्षं झाकून ठेवलं गेलं. १९५६ मध्ये रिवेराने ते शब्द पुसले. १९८५ च्या भूकंपात हॉटेल मोडकळीला आलं, भिंत मात्र वाचली आणि जवळच्या संग्रहालयात हलवली गेली.

कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या कलाकारांनी १९७२ पासून ‘मृतांचा दिवस’ हा मेक्सिकन सण रस्त्यावर आणला, आणि टोपीवाली तिथल्या भिंतींवर पोचली. मेक्सिको सिटीत सापळ्यांची भव्य मिरवणूक निघू लागली २०१६ पासून. आदल्या वर्षीच्या एका ब्रिटिश हेरपटाच्या सुरुवातीला तशी दाखवली होती, म्हणून.