शातो मूताँ रॉथशिल्ड १९४५

फ्रान्सच्या बोर्डो प्रदेशातील पोईयाक या गावी असलेल्या शातो मूताँ रॉथशिल्ड या द्राक्षमळ्यात १९४५ च्या हंगामातील द्राक्षांपासून तयार झालेली लाल वाइन. विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ वाइनांमध्ये तिची गणना होते. ‘डिकँटर’ या ब्रिटिश नियतकालिकाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शंभर वाइनांच्या यादीत तिला पहिले स्थान दिले होते. दुसऱ्या महायुद्धातील विजयाचे चिन्ह मिरवणाऱ्या तिच्या लेबलाची कथा नेहमी अगोदर सांगितली जाते, आणि ती सांगण्याजोगी आहेही. परंतु या वाइनची थोरवी त्या वर्षीच्या हवामानात आणि मळ्याच्या जमिनीत आहे, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. लेबल कोरे राहिले असते तरी वाइन हीच राहिली असती.

पोईयाक हे गाव बोर्डो शहराच्या उत्तरेस, जिराँद नदीमुखाच्या डाव्या काठावरील मेदोक पट्ट्यात आहे. लाफीत आणि लातूर हे दोन नामांकित मळे याच गावच्या हद्दीत येतात. मूताँची जमीन ही खडी-गोट्यांचा जाड थर असलेली, किंचित उंचवट्याची आहे. अशा जमिनीत पावसाचे पाणी साचत नाही, त्यामुळे वेलीची मुळे खोलवर जातात. शिवाय दिवसा तापलेले गोटे संध्याकाळनंतरही ऊब धरून ठेवतात. उशिरा पिकणाऱ्या, लहान मण्यांच्या आणि जाड सालीच्या कॅबरने सोव्हिन्याँ या वाणाला ही जमीन विशेष मानवते, आणि मूताँच्या मळ्यात याच वाणाचे प्राबल्य आहे. त्याच्या जोडीला मर्लो, कॅबरने फ्राँ आणि थोडी पेती व्हर्दो ही द्राक्षे असतात.

१८५३ मध्ये रॉथशिल्ड घराण्याच्या इंग्लंडमधील शाखेच्या नॅथॅनिएल यांनी हा मळा लिलावात ११,२५,००० फ्रँकना विकत घेतला. तोवर तो ‘ब्रान-मूताँ’ या नावाने ओळखला जात होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त, बोर्डोच्या दलालांनी बाजारभावाच्या आधारे मुख्यतः मेदोकच्या मळ्यांची प्रतवारी लावली. तिच्यात लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ हे चार मळे पहिल्या श्रेणीत गेले आणि मूताँ दुसऱ्या श्रेणीच्या अग्रभागी राहिला. हा शल्याचा विषय घराण्यात पुढे शतकभर राहिला. १९४५ ची वाइन बाजारात आली तेव्हाही सरकारी दप्तरी ती दुसऱ्या श्रेणीचीच होती, आणि केवळ कागदी प्रतवारीवर विसंबून वाइनची पारख करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

मळ्याला आजचे रूप दिले ते नॅथॅनिएल यांचे पणतू बॅरन फिलिप द रॉथशिल्ड (१९०२–१९८८) यांनी. १९२२ मध्ये, अवघ्या विशीत, त्यांनी कारभार हाती घेतला. त्या काळी मळ्यातील वाइन पिंपांतून बोर्डोच्या व्यापाऱ्यांकडे जाई आणि बाटलीत भरण्याचे काम व्यापारी करीत. बाटलीत नेमके काय आहे याची हमी मळेवाल्याला देता येत नसे. १९२४ पासून फिलिप यांनी आपली सगळी वाइन मळ्यावरच बाटल्यांत भरायला सुरुवात केली. पिंपे अधिक काळ मळ्यावर ठेवावी लागणार म्हणून १९२६ मध्ये सुमारे शंभर मीटर लांबीचे तळघर-कोठार बांधून घेतले. १९४५ च्या बाटल्यांचा हिशेब आज इतका नेमका सांगता येतो तो या सुधारणेमुळेच.

युद्धाने हे सर्व विस्कटले. फ्रान्सच्या पराभवानंतर जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारने ज्यू असलेल्या फिलिप यांचे नागरिकत्व काढून घेतले आणि मळ्याचा ताबा घेतला. ते अटकेतून सुटून, पिरेनीज पर्वत ओलांडून, अखेर इंग्लंडमध्ये द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रेंच सैन्याला जाऊन मिळाले. त्यांची पत्नी एलिझाबेथ मात्र गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांच्या हाती सापडली आणि मार्च १९४५ मध्ये रावेन्सब्रूकच्या छळछावणीत तिचा अंत झाला. ती जन्माने ज्यू नव्हती. त्यांची मुलगी फिलिपीन वाचली. पुढे वडिलांनंतर तिनेच मळा सांभाळला. १९४५ च्या लेबलावरील विजयचिन्हाकडे पाहताना हा शोक डोळ्यांआड करता येत नाही.

शेतीच्या अंगाने पाहता युद्धकाळ द्राक्षबागांना हलाखीचा गेला. मजूर नव्हते, घोडे नव्हते, आणि मोरचूद मिळेनासे झाले होते, कारण तांबे जर्मनांना युद्धसामग्रीसाठी हवे होते. केवडा रोगावर आजही नाशिक-सांगलीचे बागायतदार जे बोर्डो मिश्रण फवारतात, ते मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात याच मेदोक भागातील निरीक्षणांतून आणि पिएर मिलार्दे या बोर्डोच्या प्राध्यापकांच्या प्रयोगांतून सिद्ध झाले होते. ज्या भूमीने हा उपाय जगाला दिला, तिथेच तो दुर्मीळ व्हावा, अशी ती वेळ होती.

१९४५ चा वसंत ऊबदार होता, त्यामुळे वेली नेहमीपेक्षा लवकर फुटल्या. मे महिन्याच्या अगदी आरंभी, जर्मनीच्या शरणागतीला आठवडाही उरला नसताना, एका रात्री दहिवर (गोठलेले दव) पडले आणि कोवळी फूट मोठ्या प्रमाणावर जळून गेली. ज्या डोळ्यांतून घड येणार होते, त्यांतील कित्येक त्या एका रात्रीत गेले. जे वाचले त्यांच्या वाट्याला उष्ण आणि अत्यंत कोरडा उन्हाळा आला. पावसाअभावी मणी लहान राहिले. रस कमी आणि त्या मानाने साल जास्त, असे त्यांचे स्वरूप झाले. लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि टिकाऊपणा या तिन्ही गोष्टी सालीतून येत असल्यामुळे या द्राक्षांत त्यांचे प्रमाण विलक्षण वाढले. वेलीवर घड थोडे असल्याने प्रत्येक घडाला पोषण भरपूर मिळाले, साखरही चांगली भरली. कोरड्या हवेमुळे केवड्याची भीतीही राहिली नाही. काढणी १३ सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर, सुरू झाली.

दहिवराने निसर्गतःच केलेली ही विरळणी आणि नंतरचा उन्हाळा यांचा मेळ बोर्डोमध्ये क्वचितच बसतो. दहिवर पडून पुढे पावसाळी उन्हाळा आला, तर पीकही थोडे आणि वाइनही पातळ, असा दुहेरी तोटा होतो. त्या भागातील बहुतेक दहिवराची वर्षे तशीच गेली आहेत. १९४५ मध्ये संपूर्ण बोर्डोतच उत्तम वाइन झाली आणि लातूर, ओ-ब्रियाँ यांच्या त्या वर्षीच्या वाइनही थोर मानल्या जातात. मात्र त्यांतील कित्येक वाइन इतक्या तुरट निघाल्या की तुरटपणा मावळेपर्यंत फळाचा गोडवाच ओसरून गेला. मूताँच्या वाइनमध्ये तुरटपणाच्या तोडीचा फळांचा गर होता. तिच्यात काळ्या करवंदासारख्या फळाचा, निलगिरी-पुदिन्याचा, दालचिनीचा आणि तंबाखूच्या पानाचा गंध जाणकारांनी पुनःपुन्हा नोंदवला आहे. हा मसालेदार गंध इतका स्वतंत्र आहे की अनेक वर्षे ती चाखलेल्या परीक्षकांना नाव झाकलेल्या पेल्यातूनही ती ओळखू येई. लंडनच्या क्रिस्टीज या लिलावसंस्थेचे वाइनतज्ज्ञ मायकेल ब्रॉडबेंट यांनी तिची तुलना चर्चिलशी केली होती.

त्या वर्षीच्या लेबलावर उत्पादनाचा तपशील छापलेला आहे : साध्या आणि अर्ध्या मिळून ७४,४२२ बाटल्या, १,४७५ मॅग्नम (दुप्पट आकाराच्या), २४ त्याहून मोठ्या बाटल्या, आणि घराण्याच्या राखीव साठ्यासाठी निराळी खूण केलेल्या काही बाटल्या. बाटल्यांना क्रमांक आहेत.

लेबलावरचे चित्र फिलिप ज्यूलियाँ या पंचविशीतल्या चित्रकाराचे आहे. चर्चिल यांनी युद्धकाळात सर्वतोमुखी केलेले ‘व्ही’ हे विजयाक्षर त्याने मध्यभागी योजले, आणि त्याबरोबर ‘विजयवर्ष’ या अर्थाचे फ्रेंच शब्द छापले गेले. हा एका वर्षापुरता स्मरणोत्सव असायचा होता. परंतु पुढच्या वर्षीपासून दरवर्षी एका नव्या कलावंताकडून लेबल करून घेण्याची प्रथा पडली. मोबदला पैशांत नव्हे, वाइनच्या पेट्यांत दिला जातो. जाँ कोक्तो (१९४७), ब्राक (१९५५), दाली (१९५८), हेन्री मूर (१९६४), मिरो (१९६९), शगाल (१९७०) आणि अँडी वॉरहॉल (१९७५) ही त्यांतली काही नावे. २००९ च्या वाइनचे लेबल मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांनी केले. १९७३ च्या लेबलावर त्याच वर्षी निधन पावलेल्या पिकासोचे चित्र आले. मूताँला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली तीही १९७३ मध्येच, आणि त्या आदेशावर तत्कालीन कृषिमंत्री जाक शिराक यांची सही होती. १८५५ च्या प्रतवारीत पहिल्या श्रेणीसाठी झालेला हा एकमेव बदल होय, आणि तो घडण्यामागे १९४५ सारख्या वाइनचे वजन नक्कीच होते.

उरलेल्या बाटल्यांना लिलावात मोठ्या किमती येतात. सप्टेंबर २००६ मध्ये क्रिस्टीजच्या लॉस एंजेलिस येथील लिलावात बारा बाटल्यांची पेटी २,९०,००० डॉलरना आणि सहा मॅग्नम ३,४५,००० डॉलरना विकले गेले. फेब्रुवारी २००७ मध्ये न्यूयॉर्क येथे सोदबीजने विकलेली एकच जेरोबोम (मॅग्नमहून मोठी बाटली), जी थेट फिलिपीन यांच्या तळघरातून आली होती, ३,१०,७०० डॉलरला गेली. मळ्यातून थेट आलेल्या बाटलीला इतका जास्त भाव मिळण्याचे कारण बनावटगिरीत आहे. जुन्या दुर्मीळ वाइनची बनावट विकल्याबद्दल रूडी कुर्नियावान याला न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०१३ मध्ये दोषी ठरवण्यात आले, आणि त्यानंतर या प्रतीच्या प्रत्येक बाटलीचा पूर्वेतिहास कसून तपासला जाऊ लागला. बाटलीवरचा क्रमांक, कागद व छपाई, बुचावरचा छाप आणि बुचाखालील वाइनची पातळी या गोष्टी पाहिल्या जातात. एवढ्या वर्षांत थोडी वाइन बुचातून उडून जाणे स्वाभाविक असल्यामुळे अगदी काठोकाठ भरलेल्या बाटलीविषयी, तिचे बूच मळ्याने बदलल्याचा पुरावा नसेल तर, जाणकार संशय घेतात. बाटली उघडण्यापूर्वी ती काही दिवस उभी ठेवून गाळ तळाशी बसू देतात आणि मग एका संथ धारेत वाइन दुसऱ्या भांड्यात काढून घेतात.