गाडी उसळते तेव्हा शॉकअपमध्ये काय घडतं?

पावसाळा ओसरला की नाशिकच्या गॅरेजांत एक वाक्य सारखं कानावर पडतं, "भाऊ, गाडी लय आदळते, जरा शॉकअप बघा." तेव्हा पहिलं काम म्हणजे टायरमधली हवा तपासणं. ती जास्त भरलेली असेल तर निम्मी तक्रार तिथेच मिटते. हवा बरोबर असूनही गाडी आदळत असेल, तर शॉकअपकडे वळावं.

गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, ते काम स्प्रिंगचं. खड्डा आला की स्प्रिंग दबते, धक्क्याची ऊर्जा साठवते आणि लगेच परत करते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एकाच खड्ड्यानंतर बराच वेळ डुलत राहील. ते डुलणं शॉकअप थांबवतो. त्याच्या नळीत तेल असतं, त्यात पिस्टन आणि पिस्टनला बारीक छिद्रं. छिद्रांवर पातळ पोलादी चकत्या बसवलेल्या असतात. दाब वाढला की त्या किंचित वाकतात आणि तेलाला वाट देतात. त्या अरुंद वाटेतून जाताना तेल तापतं आणि गाडीची उसळी उष्णता होऊन हवेत निघून जाते. बँकेच्या काचेच्या दाराला लावलेला क्लोजर याच तत्त्वावर दार सावकाश मिटवतो.

बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकाला स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात जोडलेले असतात, तो स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने या रचनेच्या पेटंटसाठी १९४७ मध्ये अर्ज केला, ते १९५३ मध्ये मिळालं.

आता आरामाचं गणित. मोटारीचं धड स्प्रिंगवर सेकंदाला साधारण १ ते १.५ वेळा डुलतं. चालताना आपलं शरीर साधारण याच्या जवळपासच्या लयीत वर-खाली होतं, म्हणून ते आपल्याला सोसवतं. सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणारे उभे हादरे मात्र शरीराला सर्वांत जास्त जाणवतात, पोटही हादरतं. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. रस्त्यावर दर २ मीटरला उंचवटा असेल तर सेकंदाला ५ धक्के बसतात, नेमके त्या नकोशा पट्ट्यात. उंचवटे ८ मीटरवर असतील तर धक्के सेकंदाला सव्वा, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या लयीला जुळणारे. शॉकअप थकलेला असेल तर अशा ठिकाणी गाडी होडीसारखी डुलायला लागते.

म्हणूनच स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर मला पटत नाहीत. गाडी थोडी उचलली जाते, खाली घासत नाही, हे खरं. पण स्प्रिंग कडक होते, डुलण्याची लय वाढते, आणि जुना शॉकअप त्या कडक स्प्रिंगला आणखीच अपुरा पडतो. थकलेल्या शॉकअपवर हा उपाय नव्हे.

शॉकअप गेला हे ओळखायचं कसं? नळीवर तेलाचा ओघळ दिसतो आणि त्यावर धूळ चिकटून काळा चिखल झालेला असतो. टायरवर हात फिरवला तर जागोजागी खळगे लागतात, कारण चाक रस्त्यावर नीट टेकून न राहता नाचत असतं. कसारा घाट उतरताना ही गोष्ट आरामापुरती राहत नाही. चाक रस्ता सोडतं तेवढा वेळ त्याचा ब्रेक गाडीला रोखू शकत नाही.

बदलताना एका बाजूचा बदलून भागवू नका, जोडीने बदला. स्ट्रटच्या डोक्यावरचं रबरी माउंटिंग आणि बेअरिंगही त्याच वेळी नवं घाला. ते झिजलेलं राहिलं तर नवा स्ट्रटही खडखडतो. घरी हात घालू नका: दाबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलो जोर कोंडलेला असतो, ती निसटली तर जीवावर बेतू शकतं. काम झालं की व्हील अलाइनमेंट करून घ्या, कारण स्ट्रट सोडला की चाकाचा कोन हलतो. आणि लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे, बोल्ट ढिले केले असतील, तर ते चाकं जमिनीवर टेकल्यावरच पक्के आवळायला सांगा. चाकं लोंबकळत असताना आवळले तर त्या सांध्यातल्या बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.