दडवलेलं पाडस आणि टाकलेलं पाडस

सकाळी प्राणिसंग्रहालयातल्या चितळांच्या आवारात चारा टाकायला गेलेल्या माणसाला कुंपणाच्या कडेला उंच गवतात दोन दिवसांचं पाडस दिसतं. मान जमिनीला टेकवलेली, कान मागे चिकटलेले, अंग इतकं निश्चल की श्वास चालू आहे की नाही तेही पटकन कळत नाही. आई बरीच लांब, कळपासोबत गव्हाणीशी उभी आणि तिची पाठ पाडसाकडे. बघणाऱ्याला वाटतं, हिने पिल्लू टाकलं. बहुतेक वेळा तसं नसतं. तिने ते दडवलेलं असतं, आणि ते उचलून आणणारा माणूस चांगल्या चाललेल्या संगोपनात खोडा घालतो. पण कधी कधी पाडस खरोखरच टाकलेलं असतं. तेव्हा ‘बघू या संध्याकाळपर्यंत’ म्हणून थांबलं, तर संध्याकाळी ते वाचवण्यापलीकडे गेलेलं असतं. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून आई कुठे उभी आहे यावरून निर्णय घेऊच नये. बघायची ती आईची कास आणि पाडसाचं अंग.

आधी प्राणी कोणता ते पाहावं. खुरांच्या प्राण्यांच्या पिल्लांचे ढोबळ दोन प्रकार पडतात: दडून राहणारी आणि आईच्या मागे फिरणारी. ही विभागणी रुळली ती जर्मन वर्तनशास्त्रज्ञ फ्रिट्झ वाल्थर यांच्या कामातून. चितळ, सांबर, काळवीट, नीलगाय, चौशिंगा, कुडू यांची पाडसं दडणारी. जिराफाचं पिल्लूही पहिले काही दिवस बराच वेळ एकटं पडून असतं, जरी एवढ्या उंच जिवाला दडलेलं म्हणणं विचित्र वाटलं तरी. झेब्रा, विल्डबीस्ट, रानमेंढ्या यांची पिल्लं मागे फिरणारी. झेब्र्याचं शिंगरू तासाभरात उभं राहतं आणि मग आईला सोडत नाही. ते तासातून अनेकदा लुचतं. झेब्री पहिले काही दिवस कळपातल्या इतरांनाही शिंगराजवळ फिरकू देत नाही, म्हणजे ते तिचेच पट्टे, तिचाच वास, तिचाच आवाज ओळखायला शिकतं. तेव्हा चितळाचं पाडस एकटं पडलेलं दिसणं हा रोजचा प्रकार आहे, पण झेब्र्याचं शिंगरू आईपासून लांब एकटं पडलेलं दिसलं तर त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवायचं. घोड्यांसाठीचा हिशोब इथेही चालतो: १ तासात उभं, २ तासांत लुचलेलं, ३ तासांत आईची वार (गर्भाला नाळेने जोडलेली गादी) पडलेली. यातलं एकही चुकलं तर वाट पाहू नये. रवंथ करणाऱ्या माद्यांत वार पडायला याहून जास्त वेळ लागू शकतो, त्यामुळे झेब्र्याचं घड्याळ हरणांना लावू नये.

दडवण्यामागचं गणित साधं आहे. नवजात पाडसाला पळता येत नाही, पण त्याच्या अंगाला वासही फारसा नसतो. व्याल्यावर मादी वार खाते, पाडस चाटून कोरडं करते आणि मग दर वेळी पाजताना त्याच्या शेपटीखाली चाटून त्याला शी-शू करायला लावते व ती स्वतः गिळून टाकते. ती जवळ उभी राहिली तर तिचा वास आणि तिची हालचाल शिकाऱ्याला जागा दाखवतील, म्हणून ती लांब राहते. प्राणिसंग्रहालयात वाघ-बिबटे कुंपणापलीकडे असले तरी हे वागणं सुटत नाही. ती दिवसातून मोजक्याच वेळा येते, बहुधा पहाटे आणि तिन्हीसांजेला. ती नेमक्या जागेपर्यंतही जात नाही. त्या भागात येऊन हलक्या आवाजात साद घालते, पाडस उठून तिच्याकडे जातं, पितं, आणि पुढची दडायची जागा बऱ्याचदा स्वतःच निवडतं. यातून एक नियम निघतो: तपासणीसाठी पाडस उचललं तर ते त्याच जागी, तसंच परत ठेवायचं. ‘इथे ऊन लागतंय’ म्हणून वीस पावलं पलीकडे ठेवलं तर आई जुन्या जागेवर साद घालत राहते.

आवारात दडायला जागाच नसेल तर पाडस स्वतः ती शोधतं आणि नको तिथे जाऊन बसतं: पाण्याच्या निचऱ्याच्या चरीत, गव्हाणीखाली, जाळी आणि खांबाच्या सांदीत. टाकलेलं म्हणून उचललेली कितीतरी पाडसं अशीच कुंपणाशी सापडलेली असतात. मादी विण्याच्या आधीच आवाराच्या दोन-तीन कोपऱ्यांत गवत वाढू द्यावं, फांद्यांचे ढीग आणि आडवे ओंडके टाकावेत, तळाच्या जाळीची भोकं लहान करावीत, आणि पाण्याच्या हौदात पाडसाला बाहेर चढता येईल असा उतार किंवा दगड ठेवावा. नर वेगळा करायचा असेल तर तो आधीच हलवावा. ऐन वेळी व्यालेली मादी हलवणं म्हणजे पाडस टाकायला लावण्याचा हमखास मार्ग.

आईची कास वाचणं

कास दुर्बिणीतून, मागच्या बाजूने, मादी चालत असताना किंवा नुकती उठत असताना बघावी. विण्याआधी कास ताठ भरलेली असते, सड (कासेची बोंडं) कोरडे, टोकाशी मेणासारखा चिकट थर. पाडस लुचून गेलं की तो थर जातो, सड स्वच्छ, ओलसर, थोडे लांबलेले दिसतात आणि कास सैल पडते, बऱ्याचदा एका बाजूला जास्त. मादी पाडसापासून लांब आहे, पण कास सैल आणि सड स्वच्छ आहेत: पाडस दडवलेलं आहे. मादी लांब आहे, कास दगडासारखी, सड धुळकटलेले, चालताना ती मागचे पाय फाकवते: त्या कासेला कुणी तोंड लावलेलं नाही. तिसरी शक्यता जास्त फसवी. कास लहान, ढिली, पाडस मात्र सतत तिच्याच पायात. इथे दूधच नाही, किंवा कासदाह झालाय. बघणाऱ्याला ही आई सगळ्यांत मायाळू वाटते, कारण दोघं दिवसभर बरोबर दिसतात. पण दडणाऱ्या जातीचं पाडस दिवसभर उभं, सारखं लुचतंय, सारखं ढुश्या मारतंय, सड सोडून पुन्हा धरतंय, म्हणजे पान्हा येत नाही आणि ते उपाशी आहे. अशी पाडसं जास्त मरतात, कारण टाकलेल्याकडे तरी कुणाचं लक्ष जातं.

पाडसाचं अंग वाचणं

आईने दडवलेलं पाडस गप्प असतं. हात लावल्यावर एकदा किंचाळलं तरी हरकत नाही. ती धोक्याची हाक आहे. पण उठून ओरडत फिरणारं, भेटेल त्या जनावराच्या आणि शेवटी माणसाच्याही मागे येणारं पाडस भुकेलं असतं. पुढे शेपटीखाली बघावं. आई येत असेल तर तिथे आणि अंथरुणाच्या गवतावर घाण जवळजवळ नसते. शेपटीखाली सुकलेली शी, ओलं मूत, केसांत माश्यांची पांढरी अंडी दिसली तर आई बऱ्याच वेळापासून आलेली नाही. कानांची टोकं वळलेली, डोळे खोल गेलेले, हिरड्या चिकट, खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू बसते: पाडसाच्या अंगातलं पाणी कमी झालंय. शेवटी तोंडात स्वच्छ बोट घालावं. आतून गरम आणि बोट ओढून घेतं तर ठीक. गार आणि सुस्त असेल तर वेळ थोडा उरलाय.

इथे एक गोष्ट नवख्यांना फसवते. धोक्याची चाहूल लागताच दडलेल्या पाडसाचे हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या पाडसांत ते निम्म्याहून खाली गेलेले मोजले गेलेत. अंग लुळं, मान टाकलेली, ठोके मंद, हे सगळं धडधाकट पाडसातही दिसतं. म्हणून स्टेथोस्कोपआधी थर्मामीटर. ३८ ते ३९.५ अंश सेल्सिअस असेल तर ते दडून बसलंय. ३७ च्या खाली असेल तर खरोखर मलूल आहे.

पहिले २४ तास

घाई आणि संयम यांचा खरा पेच चिकापाशी, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दाट दुधापाशी आहे. या प्राण्यांत गर्भात आईची रोगप्रतिकारक द्रव्यं वारेतून पिल्लाला मिळत नाहीत. ती फक्त चिकातून येतात. ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद पहिल्या ६ तासांत सर्वांत जास्त असते आणि २४ तासांच्या सुमारास संपते. पण पाडस फार लवकर हाताळलं, आईने चाटून ओळख पक्की करायच्या आत उचललं, तर आपणच त्याला टाकायला लावतो.

यातून वाट अशी काढावी. दडणारी मादीसुद्धा व्याल्यावर पहिले काही तास पाडसाजवळच असते, चाटते, पाजते. लांब जाते ती त्यानंतर. हे तास कॅमेऱ्यावर बघावेत आणि लुचल्याच्या नोंदी वेळेसकट लिहाव्यात. शेपटी जोरात हलते, गिळताना घशाची हालचाल दिसते, तेव्हाच ‘प्यायलं’ लिहायचं. नुसतं कासेखाली तोंड घातलं तर ‘शोधलं’. बाळंतपण रात्री झालं आणि कुणी पाहिलं नाही, तर सकाळी कास सांगेल. उभं राहूनही ६ तासांत लुचलं नसेल तर डॉक्टरांना बोलवावं. सगळं सुरळीत असेल तर पहिली तपासणी १२ ते २४ तासांच्या दरम्यान: हातमोजे घालून, मोज्यांना त्याच आवारातलं गवत चोळून, पाच मिनिटांत. वजन, नर की मादी, टाळू फाटलेली नाही ना, नाळ ०.५ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकात बुडवणं, आणि रक्ताचा छोटा नमुना. गाईच्या वासरांत रक्तरसातली एकूण प्रथिनं ५.२ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असली तर पुरेसा चीक पोटात गेला असं धरतात. वन्य प्राण्यांसाठी हा आकडा अंदाजापुरता वापरावा. पहिला आठवडा उलटत आला की पाडस दडून राहण्याऐवजी उसळून पळतं आणि जाळीवर आपटून मान मोडून घेतं, म्हणून पकडायचं काम आधीच्या दिवसांतच संपवावं. जन्माचं वजन हाती असेल तर पुढचा निर्णय सोपा होतो: तिसऱ्या दिवशीही वजन त्याच्या खालीच असेल तर आई पाजत नाही, मग दोघं कितीही जवळ दिसोत.

टाकलेलंच असेल तर

पहिलटकर मादी, जुळ्यांतलं अशक्त पिल्लू, गर्दीचं आवार, सारखा मागे लागणारा नर, ही नेहमीची कारणं. पाडस हाती घेतल्यावर सर्वांत मोठी चूक म्हणजे गार पडलेल्या पाडसाला लगेच दूध पाजणं. थंड आतडं हलत नाही, दूध पोटात तसंच राहतं किंवा फुफ्फुसात जातं. आधी कोरडं करून ऊब द्यायची. पण ५ तासांहून मोठं, उपाशी आणि गार पाडस नुसतं शेकलं तर उरलीसुरली साखर संपून झटके येऊ शकतात; मेंढ्यांच्या कोकरांत हे नीट माहीत आहे. म्हणून शेकण्याआधी डॉक्टरांकडून ग्लुकोज.

मग चीक. स्वतःच्या आईचा मिळाला तर उत्तम, नाहीतर निरोगी गाईचा गोठवून ठेवलेला. उणे २० अंशांवर तो वर्षभर टिकतो. वितळवायचा कोमट पाण्यात, ५० अंशांच्या वर जाऊ न देता. मायक्रोवेव्ह नको, कारण जास्त उष्णतेने तीच द्रव्यं नासतात जी आपल्याला हवी आहेत. प्रमाण २४ तासांत वजनाच्या १० टक्के. ३ किलोच्या पाडसाला ३०० मिलिलिटर, पाच-सहा वेळांत वाटून. एका वेळी वजनाच्या ५ टक्क्यांहून, म्हणजे १५० मिलिलिटरहून जास्त कधीच नाही, मग ते कितीही मागो. दूध ३८-३९ अंशांचं. पाडस पायांवर उभं किंवा छातीवर बसलेलं, मान पुढे ताणलेली. पाठीवर झोपवून बाळासारखं पाजू नये. बाटली उलटी धरल्यावर दूध थेंब थेंब पडावं. धार लागली तर भोक मोठं आहे आणि ठसका लागून न्यूमोनिया होईल. पाजण्याआधी वा नंतर ओल्या कोमट फडक्याने शेपटीखाली चोळावं. हे विसरलं तर पोट फुगतं आणि लोक दुधाला दोष देतात.

पाडसाला कार्यालयात, माणसांत, एकटं वाढवू नये. ते कळपाच्या आवाराला लागून, जाळीतून इतर हरणं दिसतील आणि हुंगता येतील असं ठेवावं, आणि पाजण्यापुरताच माणसाचा हात लागावा. नराच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावं. बाटलीवर माणसाळलेलं काळविटाचं किंवा चितळाचं नर पाडस मोठं झालं की माणसाला प्रतिस्पर्धी नर समजतं आणि चारा टाकणाऱ्यावर शिंगं रोखतं. आईला दूध असेल आणि ती पाडसाला मारत नसेल, तर पूर्ण हाती घेण्याआधी एक उपाय करून पाहावा: पाडस तिच्याच आवारात ठेवून दिवसातून दोन-तीनदा बाटलीची भर घालायची आणि रोज एकाच वेळी वजन करायचं. भरीचं दूध न वाढवता वजन सलग तीन दिवस वाढलं तर एकेक बाटली कमी करत जायची.