सीव्हीटी किंवा सलग गतिपालट

मोटारीच्या एंजिनाची गती चाकांकडे नेताना ती ठरावीक गिअरांच्या पायऱ्यांनी न बदलता, दोन टोकांच्या मर्यादेत कोणत्याही प्रमाणात बदलू देणारी यंत्रणा. ‘कंटिन्युअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला सीव्हीटी म्हणतात. या नोंदीत ‘सलग गतिपालट’ हा शब्दही वापरला आहे. सोलापुरात काय किंवा अन्यत्र काय, क्लचचे पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला ‘ऑटोमॅटिक’ म्हणण्याची रीत आहे. त्या एका शब्दात चार वेगळ्या रचना एकत्र होतात : साध्याच गिअरबॉक्सचा क्लच व दांडा यंत्राने हलवणारी एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून जोर पोचवणारी जोडणी) आणि ग्रहचक्रांची (मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या दंतचक्रांची) जुनी ऑटोमॅटिक, दोन क्लचांची डीसीटी आणि सीव्हीटी. पहिल्या तिन्हींत गिअर असतात आणि ते ‘पडतात’. सीव्हीटीत पुढे जाण्यासाठी पडायला गिअरच नसतो.

रचनेचे तत्त्व : दोन समांतर दंडांवर एकेक कप्पी असते. प्रत्येक कप्पी दोन शंक्वाकार तबकड्यांची असून त्यांच्या उतारांमधल्या खाचेत पट्टा बसतो. तबकड्या जवळ आल्या की पट्टा बाहेरच्या कडेकडे चढतो. दूर गेल्या की आसाकडे उतरतो. पट्ट्याची लांबी बदलत नाही आणि दंडांतले अंतरही बदलत नाही, म्हणून एक कप्पी मिटताना दुसरीला उघडावेच लागते. प्रत्येक कप्पीची एक तबकडी दंडाला पक्की असते, दुसरी तेलाच्या दाबाने सरकते. दोन्ही कप्प्यांच्या पक्क्या तबकड्या समोरासमोर न ठेवता विरुद्ध बाजूंना ठेवतात. नाही तर प्रमाण बदलताना पट्टा फारच तिरका पडेल. थोडा तिरकेपणा तरीही उरतो.

पोलादी पट्ट्याच्या सीव्हीटीत तबकडीचा उतार बहुधा 11 अंशांचा असतो. या कोनामुळे तबकडी 1 मिमी सरकली की पट्ट्याची त्रिज्या सुमारे 2.6 मिमी बदलते. समजा, पट्टा 30 मिमी ते 75 मिमी त्रिज्येत फिरू शकतो. एंजिनाकडील कप्पीवर तो 30 वर आणि चाकांकडील कप्पीवर 75 वर असेल तेव्हा प्रमाण 2.5 होते, उलट स्थितीत 0.4. याचा अर्थ रस्त्यावर काय होतो ते पाहू. गाडी ताशी 60 किमी वेगाने चालली आहे, टायरचा घेर 1.85 मी. आहे आणि कप्प्यांनंतरचा अंतिम गिअर 5 ला 1 असा आहे. चाके मिनिटाला सुमारे 540 फेरे घेतात, म्हणून चाकांकडील कप्पी 2,700. आता एंजिन 1,080 फेऱ्यांवर ठेवायचे की 6,750 वर, की मधल्या कोणत्याही आकड्यावर, हे नियंत्रक ठरवतो. सपाट रस्त्यावर तो सर्वात कमी डिझेल-पेट्रोल खाणारा बिंदू शोधतो, ॲक्सिलरेटर दाबला की जोराचा. गिअरच्या गाडीला याच वेगावर पाच-सहा आकड्यांतून एक निवडावा लागतो. सीव्हीटीचा सारा फायदा या फरकात आहे.

उगमाचा प्रश्न : बहुतेक संदर्भग्रंथ सलग गतिपालटाचे श्रेय लिओनार्दो दा व्हिंची याला देऊन 1490 च्या सुमाराचे रेखाटन पुढे करतात. हे श्रेय जपून घ्यावे लागते. त्याच्या गतिबदलाच्या सर्वपरिचित चित्रात वेगवेगळ्या व्यासांची तीन दंतचक्रे एकाच पिंजरेवजा चक्राशी जुळलेली आहेत. तीन व्यास म्हणजे तीन वेग; शंकूच्या आकारात मांडले तरी त्या पायऱ्याच राहतात. शंकूची कल्पना त्याच्यापाशी होती, एवढेच यातून म्हणता येते.

दुसरा वारंवार आढळणारा उल्लेख ‘डाइमलर-बेंझ यांचे 1886 मधील पेटंट’ असा आहे. 1886 मध्ये गोटलिप डाइमलर आणि कार्ल बेंझ स्वतंत्र व एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, आणि त्यांच्या कंपन्या 1926 मध्ये एक झाल्या. जोडनावाने दिलेला हा उल्लेख नंतरच्या काळात तयार झालेला दिसतो. अमेरिकेतील मिल्टन रीव्ह्ज याच्याबाबत 1879 हे वर्ष दिले जाते : इंडियाना राज्यातील लाकूड कापण्याच्या गिरणीत करवतीचा वेग आवरता येत नाही हे त्याने पाहिले आणि उघडमीट करणाऱ्या कप्प्या योजल्या. त्याचा जन्म 1864 चा, म्हणजे तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. 1879 हे सुचण्याचे वर्ष असू शकेल; कप्पी वापरात आली ती शतकाच्या अखेरच्या वर्षांत, आणि 1896 च्या सुमारास ती त्याने मोटारीला बसवली. मोटारीच्या दृष्टीने रीव्ह्जचा दावा यांत सर्वात भक्कम आहे.

मात्र या वादात एक यंत्र सहसा गैरहजर असते, आणि सोलापूरसारख्या गिरणगावातून पाहताना ते डोळ्याआड करणे अवघड आहे. ते म्हणजे सूतगिरणीतील स्पीड फ्रेम. पेळू ओढून बारीक करणे, त्याला हलका पीळ देणे आणि बॉबिनवर गुंडाळणे हे तिचे काम. रुळांतून पेळू एकसारख्या वेगाने बाहेर येतो, पण बॉबिन थरागणिक जाड होते. तिचा वेग होता तोच राहिला तर जाड बॉबिन जास्त ओढ घेईल आणि कच्चा धागा तुटेल. म्हणून फ्रेमच्या एका टोकाला दोन लांब शंकू उलटसुलट मांडलेले असतात, त्यांना कोन ड्रम म्हणतात. एकाची बाजू किंचित फुगीर, दुसऱ्याची किंचित खोलगट. त्यांच्यावर चामड्याचा रुंद पट्टा. थर पूर्ण झाला की खटका पडून पट्टा बोटभरापेक्षा कमी सरकतो आणि बॉबिन तेवढी मंदावते. बॉबिनी भरून उतरवल्या की पट्टा परत मूळ टोकाला आणतात. बाजू सरळ न ठेवता वक्र ठेवण्याचे कारण गणिती आहे : बॉबिनचा गुंडाळण्याचा वेग तिच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात घटायला हवा आणि सरळ शंकू ते साधत नाही.

या यंत्रात फ्रेमचा ठरावीक वेग आणि कोन ड्रमचा बदलता वेग मिसळणाऱ्या डिफरन्शिअलचे पेटंट मँचेस्टरच्या हेन्री हौल्ड्सवर्थचे, 1826 चे. ते रीव्ह्जच्या जन्माआधीचे आहे. यावर एक आक्षेप असा घेता येतो की पट्टा थरागणिक सरकतो, म्हणजे पायऱ्या आल्याच. परंतु पायरी इथे खटक्यात आहे, शंकूत नाही. शंकूवर पट्टा कुठेही उभा राहू शकतो. प्रस्तुत नोंदीत म्हणून कोन ड्रमला सलग गतिपालटाचा रोजच्या वापरातला पहिला मोठा अवतार मानले आहे. सोलापुरातील जुनी मिल 1877 च्या सुमारास सुरू झाली. सूत कातणाऱ्या गिरणीला स्पीड फ्रेमवाचून चालत नाही, त्यामुळे मोटार या शहरात येण्याच्या कितीतरी आधी सलग बदलणारी गती इथल्या कामगारांच्या हाताखाली होती. यंत्रमागांच्या काळात सायझिंगच्या (सुताला खळ देण्याच्या) यंत्रांवर आलेली ‘पीआयव्ही’ची पेटीही याच कुळातली. बीम (सूत गुंडाळण्याचा मोठा रूळ) भरत जाईल तसा त्याचा वेग कमी करून सुताचा ताण सारखा ठेवणे हे तिचे काम. तिच्या साखळीतील पोलादाच्या पातळ पट्ट्या शंकूंवरील खाचांत शिरतात. आधुनिक स्पीड फ्रेममधून कोन ड्रम गेले आहेत, त्यांची जागा इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोटरांनी घेतली आहे.

मोटारीतील अडचण : कोन ड्रमवरून बॉबिनच्या गतीचा फक्त फरकाचा भाग जातो, फ्रेमचा सगळा भार नव्हे. मोटारीत एंजिनाचा सगळा जोर पट्ट्यानेच वाहायचा असतो. शंकूवरून गती बदलणे पूर्वीच साधले होते; जोर न घसरता पोचवणे हे नंतरच्या दीडशे वर्षांचे काम ठरले.

नेदरलँड्सच्या हुब फान डोर्ने यांनी 1958 मध्ये डाफ 600 या छोट्या मोटारीत ‘व्हेरिओमॅटिक’ बसवले. 590 घसेंमी.चे हवेने थंड होणारे दोन सिलिंडरांचे एंजिन आणि मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र रबरी पट्टा. वळणावर दोन पट्टे वेगवेगळ्या प्रमाणात जुळत, म्हणून दोन चाकांना वेगवेगळे फेरे घेऊ देणाऱ्या डिफरन्शिअलची गरज पडत नसे. गाडी मागेही पुढच्याइतक्याच वेगाने पळू शके. पण रबरी पट्टा मोठ्या एंजिनाला पुरा पडेना.

यावरचा फान डोर्ने यांचा तोडगा यंत्रविद्येतील अत्यंत सुंदर कल्पनांपैकी एक आहे. पट्टा ओढतो, ही सर्वांची समजूत. त्यांनी ढकलणारा पट्टा केला. दीड-दोन मिमी जाडीचे सुमारे 400 पोलादी ठोकळे एकापाठोपाठ उभे रचलेले असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत पोलादी कड्यांचा एकेक संच बसतो. प्रत्येक संचात नऊ ते बारा कडी एकात एक घातलेली, प्रत्येकाची जाडी सुमारे 0.2 मिमी. कडी ठोकळ्यांना माळेसारखी धरून ठेवतात आणि ताण सोसतात. जोर मात्र मुख्यतः ठोकळ्याने ठोकळ्याला रेटत पुढे जातो, जसा एकमेकाला टेकलेल्या डब्यांना मागून इंजिन रेटते तसा. पट्टा हातात घेतला तर तो एका बाजूला सहज वाकतो आणि दुसऱ्या बाजूला काठीसारखा ताठ होतो. ठोकळ्यांच्या कडा तासलेल्या असल्यामुळे ते आतल्या दिशेलाच कलू शकतात. 1987 मध्ये सुबारू जस्टी, फोर्ड फिएस्टा आणि फिआट उनो या गाड्यांत हा पट्टा बाजारात आला.

पोलादावर पोलाद आणि मध्ये तेल, तरी घसरता कामा नये, हे ऐकायला विपरीत वाटते. तेलातील या स्पर्शाचा घर्षणांक 0.09 च्या आसपासच असतो. 150 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) 30 मिमी त्रिज्येवर पेलायचा तर तबकड्यांनी पट्ट्याला सुमारे 27,000 न्यूटन जोराने आवळावे लागते, म्हणजे साधारण पावणेतीन टन वजन त्या छोट्या कप्पीवर ठेवल्यासारखे. हा दाब पंपाने निर्माण करावा लागतो आणि पंप एंजिनाचीच शक्ती खातो. त्यामुळे नुसत्या यांत्रिक कार्यक्षमतेत सीव्हीटी साध्या गिअरबॉक्सच्या मागेच राहते. तिची बाजू सावरते ती एंजिन योग्य बिंदूवर ठेवण्याने. गरजेपेक्षा जास्त आवळले तर इंधन वाया जाते, कमी आवळले तर पट्टा घसरून तबकडीवर कायमचा ओरखडा उमटतो. नियंत्रक सतत या दोहोंच्या मधली वाट काढतो.

पट्ट्याऐवजी साखळी वापरण्याचा मार्ग ऑडीने 1999 च्या सुमारास आणि पुढे सुबारूने घेतला. तबकड्यांमधील फिरत्या रुळांनी गती बदलणारी टोरॉइडल रचना चार्ल्स हंट याच्या 1877 च्या पेटंटपासून ज्ञात आहे. 1999 मध्ये निसानने ती मोटारीत विकली. तिचा प्रसार झाला नाही. विल्यम्स संघाने 1993 मध्ये फॉर्म्युला वन गाडीवर सीव्हीटीची चाचणी घेतली, आणि 1994 च्या नियमांनी तिला शर्यतीची दारे बंद केली.

स्कूटर : भारतात सलग गतिपालट घराघरांत पोचला तो मोटारीतून नव्हे. 1984 च्या कायनेटिक होंडापासून आजच्या पेट्रोलवरच्या विनागिअर स्कूटरांपर्यंत रबरी पट्ट्याची हीच रचना आहे. तेलाचा दाब इथे नसतो. पुढच्या कप्पीमागे तिरप्या घरांत जाड रोळ बसवलेले असतात. फेरे वाढले की ते केंद्रापासून बाहेर फेकले जातात आणि तबकडीला रेटतात; मागच्या कप्पीची स्प्रिंग उलट जोर लावते. सोलापुरातल्या कोणत्याही गॅरेजात डाव्या अंगाचे लांब झाकण उतरवले की आत पट्ट्याची काळी भुकटी बसलेली दिसते. मेस्त्री रोळ तळहातावर फिरवून बघतो : गोल असायला हवा, एका बाजूने चपटा झालेला असेल तर तो तिथेच अडतो. अशा स्कूटरचे ‘पिकअप गेले’ असे गिऱ्हाईक म्हणते. प्रत्यक्षात प्रमाण एका जागी अडकलेले असते.

चालवताना : सीव्हीटीची गाडी जोरात दाबली की एंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. याला रबर-बँडसारखे ताणणे म्हणतात. तो दोष नाही, एंजिन सर्वाधिक शक्तीच्या बिंदूवर नेऊन तिथे धरण्याचा तो परिणाम आहे. तरी गिऱ्हाइकांना ते रुचत नाही म्हणून कंपन्या नियंत्रकाकडून खोट्या पायऱ्या पाडून घेतात. टोयोटाने 2018 मध्ये सुरुवातीच्या ओढीसाठी एक खरा गिअर जोडला. पट्ट्याचे सर्वात कष्टाचे काम त्यामुळे हलके झाले. सात रस्ता किंवा नवी पेठेतल्या गर्दीत हाफ क्लचवर पाय अवघडतो, तिथे सीव्हीटीचे सुख कळते. तुळजापूरचा घाट उतरताना मात्र निवडदांडा ‘एल’ किंवा ‘एस’वर घ्यावा. ‘डी’ या नेहमीच्या स्थितीत यंत्रणा पेट्रोल वाचवण्यासाठी एंजिनाचे फेरे खाली ठेवते, एंजिनाचा अडसर कमी मिळतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

हायब्रिड गाड्यांवर ‘ई-सीव्हीटी’ असे लिहिलेले असते. 1997 च्या टोयोटा प्रिअसपासून रूढ झालेल्या रचनेत पट्टाही नाही आणि शंकूही नाहीत. ग्रहचक्रांचा एक संच आणि दोन विद्युत मोटरी यांच्यात शक्तीची वाटणी होते. गती सलग बदलते म्हणून नाव चालते, पण दुरुस्तीच्या दृष्टीने ही वेगळीच वस्तू आहे.

तेल : सीव्हीटीचे तेल वंगण घालते आणि त्याच वेळी घर्षण टिकवते, म्हणून त्याच्या जागी साधे ऑटोमॅटिक गिअरतेल चालत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा 43-44 अंशांवर असताना गर्दीत रांगणाऱ्या गाडीत हे तेल लवकर थकते. अशा भागात तेलबदल पुस्तिकेतील ‘कठीण वापर’ या सदरातील अंतराने करणे योग्य. बंद पडलेली सीव्हीटीची गाडी चालती चाके (एंजिन ज्यांना फिरवते ती) जमिनीवर ठेवून दोराने ओढू नये. एंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे आवळणारा दाब नाही, आणि फिरणाऱ्या चाकांबरोबर पट्टा कोरड्या तबकड्यांवर घासत जातो. अशी गाडी सपाट पाठीच्या टोइंग गाडीवर चढवूनच न्यावी लागते.