सीमाभागातील स्वयंसेवी संस्थांचे माहिती-व्यवस्थापन

विकासकार्य करणाऱ्या ना-नफा संस्था आपल्या प्रकल्पांची माहिती कशी गोळा करतात, कशी जपतात, कोणाला दाखवतात आणि कधी काढून टाकतात, या व्यवहाराला माहिती-व्यवस्थापन म्हणतात. संस्थांच्या रोजच्या बोलण्यात हा शब्द क्वचितच येतो. तिथे ‘एमआयएस’ (व्यवस्थापनासाठीची माहिती-प्रणाली), ‘रिपोर्टिंग’, ‘लाभार्थी यादी’ किंवा नुसते ‘रजिस्टर’ असे चालते. ही नोंद बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यापुरती आहे. सीमाभाग हा शब्द कारवार, हल्याळ, बिदर, भालकीलाही लावतात, पण त्या भागांचे प्रश्न थोडे निराळे आहेत.

बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे घरची भाषा मराठी, सरकारी कागद कन्नड आणि देणगीदाराचा फॉर्म इंग्रजी, अशी तीनपदरी व्यवस्था इथल्या संस्थांच्या वाट्याला आली. बाकी देशातल्या संस्थांना माहितीबाबत ज्या अडचणी येतात त्या इथेही आहेतच. या भागाची खास अडचण मात्र माणसाच्या नावाशी सुरू होते.

खानापूर तालुक्यातल्या एखाद्या विवाहितेचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक असते आणि लग्नात बदललेले दुसरे. रेशनकार्डावर यांपैकी कोणते लागले आहे हे कार्ड पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. ती मराठीत नाव सांगते, पंचायतीतला कारकून ते कन्नडमध्ये लिहितो आणि संस्थेच्या संगणकात ते रोमन लिपीत उतरते. कन्नड वळणाने रोमन लिहिणारा ‘त’साठी ‘टी-एच’ वापरतो, मराठी वळणाचा नुसता ‘टी’. एवढ्यावरून एका सविताच्या दोन सविता होतात. ‘ज्ञ’चे त्याहून वाईट. मराठी माणूस ज्ञानेश्वर ‘डी’ने सुरू करतो, कन्नड पद्धतीत तो ‘जे’ किंवा ‘जी’ने सुरू होतो, आणि यादी वर्णानुक्रमे लावली की एकच गृहस्थ दोन ठिकाणी जाऊन बसतात. म्हणून जुन्याजाणत्या कार्यकर्त्या नावाच्या भरवशावर राहत नाहीत. गाव, घर आणि व्यक्ती यांचा मिळून संस्थेचा स्वतःचा क्रमांक देतात. नाव हाक मारायला, क्रमांक जुळवायला. त्याऐवजी आधार क्रमांकच ओळख म्हणून वापरण्याचा मोह अनेकांना होतो. सोय म्हणून तो ठीक वाटतो, पण लॅपटॉप हरवला की गावच्या गाव उघडे पडते.

दुसरी अडचण बाळंतपणाची. पहिलटकरीण माहेरी जाते हा रिवाज सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच. सासर खानापुरात आणि माहेर चंदगडला असेल, तर गरोदरपणाची नोंद कर्नाटकातल्या आशाताईंकडे, जन्माची नोंद महाराष्ट्रात आणि लसीकरणाचे कार्ड मराठीत. तीन-चार महिन्यांनी बाळ-बाळंतीण सासरी परततात तेव्हा संस्थेच्या तक्त्यात त्या बाईपुढे ‘फॉलोअप नाही’ असा शेरा पडलेला असतो. काम झालेले असते, तक्त्यात दिसत नाही एवढेच. कुपोषणावर काम करताना हा घोळ महागात पडतो, कारण वजनाची पहिली नोंदच हाती नसते. यावर साधा तोडगा असा की तक्त्यात ‘सध्या कुठे’ असा एक रकाना वाढवावा आणि कार्ड कोणत्याही राज्याचे असो, त्याचा फोटो जोडावा.

रोजगारासाठी गोव्याला जाणाऱ्यांचे आणि ऊसतोडणीच्या टोळ्यांचेही असेच. गाळप हंगामात केलेले पायाभूत (काम सुरू होण्याआधीचे) सर्वेक्षण आणि पावसाळ्यात केलेले सर्वेक्षण यांतून एकाच गावाची दोन चित्रे निघतात. सर्वेक्षणाचा महिना अहवालाच्या पहिल्या पानावर असावा, हे शिकवण्याची खरे तर गरज नसावी. पण तो बहुधा नसतो.

शिवाय दोन राज्यांचे शब्द वेगळे. महाराष्ट्रात जिल्हा परिषद, इकडे जिल्हा पंचायत. तिकडे पंचायत समिती, इकडे तालुका पंचायत. तिकडे ग्रामसेवक (२०२४ च्या निर्णयानंतर ग्रामपंचायत अधिकारी), इकडे ‘पीडीओ’ म्हणजे पंचायत विकास अधिकारी. ग्रामीण उपजीविका अभियान तिकडे ‘उमेद’ नावाने चालते, इकडे ‘संजीविनी’ नावाने. जमिनीच्या कागदाला सीमाभागातला मराठी शेतकरी ‘उतारा’च म्हणतो, कार्यालयात मात्र ‘पहाणी’ मागावी लागते. कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पातून २००० सालानंतर हे उतारे संगणकावर आणले, तेही कन्नडमध्ये. कोल्हापूर आणि बेळगाव दोन्हीकडे काम करणाऱ्या संस्थेने एकच फॉर्म छापला, तर निम्मे रकाने एका बाजूला निरर्थक ठरतात.

साधनांची गोष्ट थोडक्यात. सुरुवात बचतगटाच्या रजिस्टरपासून होते. कर्नाटकात १९८० च्या दशकात मायराडा या संस्थेने असे गट उभे केले आणि १९९२ मध्ये नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या बँकेने गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. बँक कर्ज देताना गटाचे रजिस्टर पाहू लागली, तशी नोंद ठेवण्याला किंमत आली. पुढे एक्सेल आले. युनिकोड ही सर्व लिपींची सामाईक संगणकीय पद्धत रुळण्याआधीचा मराठी मजकूर श्रीलिपी आणि कन्नड मजकूर नुडी किंवा बरहा या सॉफ्टवेअरमध्ये टाइप होत असे. त्या काळातल्या फाइली आज उघडल्या तर पडद्यावर नुसती चिन्हे दिसतात, छापील प्रत असेल तरच अहवाल वाचता येतो. आता ओडीके, कोबो टूलबॉक्स, अवनी यांसारखी माहिती भरण्याची मुक्त साधने मोबाइलवर चालतात. नेटवर्क नसतानाही त्यांत फॉर्म भरता येतो, हा त्यांचा मोठा गुण. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातील आमगाव, गवाळी, पास्तोलीसारख्या गावांत जाणाऱ्या कार्यकर्तीला त्याचे मोल विचारावे. दिवसभर भरलेले फॉर्म संध्याकाळी रेंज मिळाली की एकदम वर जातात. तोवर फोन भिजू न देणे हे तिचे माहिती-व्यवस्थापन.

माहिती मागणारे वरून मागतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि पैशाबरोबर त्यांचा स्वतःचा तक्ताही येतो. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला विदेशी अंशदान कायदा २०१० प्रमाणे दरवर्षी एफसी-४ हे विवरणपत्र भरावे लागते. कार्यक्रमाची चौकट बहुधा ‘लॉगफ्रेम’मध्ये, म्हणजे उद्दिष्टे, कामे आणि मोजमाप एकत्र मांडणाऱ्या तक्त्यात, बसवलेली असते. १९६९ च्या सुमारास अमेरिकन मदतसंस्थेसाठी तयार झालेला हा तक्ता. त्यात ‘प्रशिक्षित महिला: ४०’ सहज मावते, ‘ग्रामसभेत पहिल्यांदा उभी राहून बोलली’ हे कुठे लिहायचे ते कळत नाही. तीन देणगीदार असले की तीन तक्ते भरावे लागतात. प्रस्तुत नोंदकाराच्या मते संस्थेने आधी स्वतःला काय जाणून घ्यायचे आहे ते ठरवावे आणि देणगीदारांचे तक्ते त्यातून काढावेत. प्रत्यक्षात उलटे घडते.

लोकांच्या बाजूने नोंद ठेवणे म्हणजे काय, हे रोजगार हमीत नीट दिसते. २००५ च्या कायद्यात काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम देण्याची आणि न दिल्यास बेकारभत्त्याची तरतूद होती. हा हक्क पूर्णपणे एका चिठोऱ्यावर टांगलेला होता: नमुना ६ म्हणजे काम मागण्याचा अर्ज दिल्याची तारखेसह पोच. पोच दिली नाही की १५ दिवस मोजायचे कुठून? म्हणून मजूर संघटनांच्या ताया अर्ज किती झाले यापेक्षा पोच किती मिळाल्या ते लिहीत. बाई ती पोच आधार आणि रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फडताळात ठेवी. संस्थेकडे त्या पोचेचा फोटो.

याच्या उलट काही माहिती लपवणे हेच काम असते. सौंदत्ती, गोकाक, चिकोडी, निपाणी भागात देवदासी महिलांसोबत अनेक संस्था काम करतात. कर्नाटकाने या प्रथेवर बंदी घालणारा कायदा १९८२ मध्ये केला. सरकारच्या १९९३-९४ च्या सर्वेक्षणात २२,८७३ आणि २००७-०८ मध्ये आणखी २३,७८७ महिलांची नोंद झाली. या याद्यांवर निवृत्तिवेतन ठरते, त्यामुळे ‘यादीत नाव नाही’ ही तक्रार वर्षानुवर्षे चालू आहे. पण तेच नाव गावातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती पडले तर मुलीचे लग्न मोडू शकते. यादी हवीही आणि नकोही, असा हा पेच. एचआयव्हीच्या कामात नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरण्याची शिस्त आहे, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही गुप्तता बंधनकारक केली. इतर प्रकल्पांत मात्र व्हॉट्सॲप गटावर लाभार्थ्यांच्या फोटोसकट याद्या फिरताना दिसतात.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याची तरतूद आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. म्हणजे खानापूरच्या बाईला संमतीपत्र मराठीत मागता येईल. आजवर बहुतेक ठिकाणी ते इंग्रजीत असते आणि खाली अंगठा असतो.

प्रकल्प संपल्यावर या सगळ्याचे काय होते? सर्व्हे फॉर्मचे गठ्ठे दोन-तीन पावसाळे कार्यालयाच्या माळ्यावर राहतात, मग रद्दीत जातात. एक्सेल फाइल नोकरी सोडून गेलेल्या समन्वयकाच्या पेनड्राइव्हवर असते. बचतगटाचे रजिस्टर मात्र टिकते. ते गटाच्या अध्यक्षीणबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत असते, कारण पुढच्या कर्जाच्या वेळी बँकवाला तेच मागणार असतो.